बोर्डिंगची भाजी कोण नेणार

“जानराव, उद्या तुम्ही नसलात तर?”

वामनरावांनी हे विचारलं आणि जानराव बोर्डिंगच्या ओट्यावर कोहळ्याची टोपली धरून तसाच उभा राहिला. वामनराव तर सहज विचारून मोकळे झाले होते. जानराव म्हणाला, “नसतो म्हंजे? मी तं रोजच असतो, साहेब.”

“आज आहात. मी उद्याचं विचारतो.”

“उद्याही येतो जी. उद्या वांगे आणतो.”

वामनरावांनी कपाळाला हात लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. माणूस पुण्याकडचा. फौजेच्या रसद खात्यात उभी हयात गेली, पासष्टची लढाई आटोपल्यावर निवृत्त झाले आणि जळगाव जामोदच्या या बोर्डिंगचे सुपरिटेंडंट होऊन आले. खेड्यापाड्यांतली शंभरेक पोरं इथे राहायची, गावातल्या हायस्कुलात शिकायची आणि दोन्ही वेळ पोटभर जेवायची. फौजेत एक वाट बंद पडली तर दुसरी कोणती, हे आधीच ठरलेलं असे. वामनरावांच्या मते भाकरीभाजीचंही तसंच ठरवायला हवं होतं.

जानरावाच्या मते तसं ठरवणं म्हणजे संकटाला बोलावणं धाडणं होतं.

जानराव माळी. जळगावपासून कोसभरावर, डोंगराच्या अंगाला त्याचा मळा. मळा लहान पण विहिरीला पाणी बरं. शिक्षण बेताचंच. आपण शाळेत फार दिवस गेलो नाही याची त्याला खंत होती, आणि कदाचित म्हणूनच बोर्डिंगची भाजी हा त्याच्या लेखी नुसता धंदा नव्हता. पंचक्रोशीत त्याला ‘बोर्डिंगवाला जानराव’ म्हणत. कोणी तसं म्हटलं की तो उगाच खाकरायचा आणि धोतराचा सोगा झटकायचा. पोरं पंगतीत बसली की तो कधी कधी दारात उभा राहून पाहायचा आणि आपल्या भेंडीवर पोरांचे हात कसे चालतात ते बघून खूश व्हायचा.

असा हा खुशीतला माणूस खऱ्या कोड्यात पडला तो त्यानंतर, पोळ्याच्या आधी आलेल्या पुरामुळे. सातपुड्यात वर कुठे पाऊस कोसळला कोण जाणे. मळ्यात लख्ख ऊन होतं, वांग्यांवर धूळ होती आणि मधला नाला मात्र दोन्ही काठ सोडून वाहत होता. जानराव भरलेली बैलबंडी घेऊन अलीकडे उभा. पलीकडे सडक, सडकेवरून जळगाव, जळगावात पोरं. दोन दिवस नाला उतरलाच नाही. पोरांनी भाकरी वरणात चुरून खाल्ली, दुसऱ्या दिवशी मीठ-तिखटाशी खाल्ली.

पूर ओसरल्यावर तो बोर्डिंगात गेला तेव्हा स्वयंपाकीणबाई अन्नपूर्णाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरं ताटावर बसून दाराकडे पाहत होती, जानरावभाऊ.”

हे वाक्य जानरावाच्या जिव्हारी लागलं. तो तसाच वामनरावांकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, पुन्हा खाडा पडणार नाही. जबान देतो.”

“जबान राहू द्या,” वामनराव म्हणाले. “कमिटी गावातल्या दलालाला भाजी द्या म्हणतेय. त्याच्याकडे मोटार आहे. मी त्यांना थोपवलंय, पण आणखी एक खाडा पडला तर थोपवता येणार नाही. तुम्ही मला नाव सांगा. नाल्याला पूर आला, बैल बसला, विहीर बिघडली, किंवा तुम्ही स्वतःच नसलात, तर त्या दिवशी भाजी कोण आणेल?”

म्हणजे जानरावापुढे सवाल सरळ होता. एक नाव द्यायचं, नाहीतर बोर्डिंग जायचं. घरी जाताना त्याने सगळं मनात घोळवलं आणि पार गोंधळून गेला. पूर आला तर, हे ठीक. पण ‘तुम्ही स्वतःच नसलात’ हे साहेब दुसऱ्यांदा इतक्या शांतपणे कसे बोलले? त्यांना काही दिसलं का? आपला चेहरा उतरलाय का?

घरी त्याने बायकोला, पुष्पाबाईला, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘मी नसलो तर’ हे शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच तिने चुलीपुढून उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“अवो, काही बी काय बोलून राह्यले! तिनीसांजेची वेळ हाय. वास्तू तथास्तु म्हंते.”

“मी नाही बोललो व. साहेब बोलले.”

“साहेबाच्या तोंडून आलं, तुमच्या तोंडून काऊन काढता?” आणि तिने मीठ-मिरच्या मुठीत घेऊन नवऱ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरभर ठसका उठला.

ओसरीवर जानरावाची माय भिमाबाई बसली होती. तिला खोकला आला तशी तिने काय झालं ते विचारून घेतलं. या घरातली सगळी रीत भिमाबाईची. दिवा विझला म्हणायचं नाही, डब्यात पीठ नाही म्हणायचं नाही, आणि मरणाचं तर नावच काढायचं नाही. भाऊबंदांत कोणी गेलं की सुतकाचे दिवस सरेपर्यंत मळ्यातलं पानही बाहेर जाऊ द्यायची नाही. सुतकातल्या हातचं दुसऱ्याच्या ताटात जात नाही, असा तिचा दंडक. मागे चुलतसासरा वारला तेव्हा वांगी झाडावर पिवळी पडली, पण तिने एक तोडू दिलं नव्हतं.

“बापू,” ती म्हणाली, “वाईटाचं नाव घेतलं की ते पत्ता इचारत येते. साहेबाले म्हणा, देव हाय.”

आता देवाचं नाव वामनरावांना देता येत नव्हतं. जानराव आठवडाभर नावाचा विचार करत हिंडला. वामनरावांनी एकदा आपणहून सुचवलंही होतं, “नाल्याच्या या गावाकडच्या अंगाला, सडकेच्या बाजूला कोणाचा मळा नाही का?”

“कोणीच नाही जी,” जानराव ताडकन म्हणाला होता.

हे खोटं होतं. नाल्याच्या पलीकडे, सडकेला लागून महादेवचा मळा होता. पुराच्या दिवशी जानराव बंडी घेऊन अलीकडे उभा होता तेव्हा महादेव पलीकडच्या काठावर उभा राहून त्याच्याकडे पाहत होता. दोघंही एक शब्द बोलले नव्हते. सात-आठ वर्षांत बोलले नव्हते.

कोणे एके काळी हे दोघं सावडीदार होते. म्हणजे याचा एक बैल, त्याचा एक बैल, दोन्ही मिळून जोडी, आणि दोघांची शेती त्याच जोडीवर. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली, ऐन पेरणीच्या तोंडावर महादेवने आपला बैल बाजारात नेऊन विकला. जानरावाला कळलं ते दावणीला आपला एकटा बैल पाहून. बायको गीताबाईला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला त्याने तो विकला, हे पुढे लोकांकडून कानावर आलं. जानरावाला बैल विकल्याचा राग नव्हता. सांगायला काय झालं होतं, याचा होता. तेव्हापासून त्याने खूणगाठ बांधली होती की परका ऐन वेळी पाठ फिरवतो आणि रक्ताचा माणूसच कामाला येतो.

रक्ताचा माणूस म्हणजे पंजाबराव. सख्खा चुलतभाऊ, सडकेच्याच बाजूला अर्ध्या कोसावर मळा, दणकट बैलजोडी, बोलायला मोकळा. यापेक्षा चांगलं नाव शोधून सापडलं नसतं. पण त्याला सांगायचं कसं? वाईटाचा शब्द तर तोंडातून काढायचा नाही. जानराव वाटेत थांबला, विचार करून करून त्याचं डोकं शिणलं, आणि मग त्याला एक युक्ती सुचली. त्याची सासुरवाडी सोनाळ्याची.

“पंजाबभाऊ,” तो म्हणाला, “समज, मी सोनाळ्याले गेलो. तं बोर्डिंगची भाजी तू पोचवशीन काय?”

“हाव, कायले नाही? किती दिवस जाऊन राह्यला?”

“आज नाही जात. समज म्हंतो. अन् समज, बैल सोनाळ्याले गेला…”

“बैल? एकटा?”

“समज बे! तरीबी तू भाजी नेशीन. अन् नाल्यानं मले वाट नाही देली, तरीबी तूच नेशीन.”

चुलतभावाचं आणि सासुरवाडीचं काहीतरी बिनसलंय असं पंजाबरावाला वाटलं, पण भाजीला त्याने मोकळ्या मनाने हो म्हटलं. पुढे ही गोष्ट फिरत फिरत पुष्पाबाईच्या कानावर गेली आणि माझ्या माहेराचं असं नाव का काढता म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला, तो भाग वेगळा.

वामनरावांना नाव मिळालं, त्यांनी कमिटीला कळवलं. दिवाळीनंतर एकदा जानरावाचा बैल खरोखरच लंगडला. पंजाबरावाने भल्या पहाटे बंडी जुंपून आपल्या मळ्यातली गवार आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बोर्डिंगात पोचवला. अन्नपूर्णाबाईंनी गवारीला नाव ठेवलं नाही. जानराव इतका हरखला की त्याने पंजाबरावाला घरी बोलावून पुरणाचं जेवण घातलं. एवढंच होतं तर साहेबांनी इतका घोर का लावला, हे मात्र त्याला कळेना. सोपंच तर होतं.

मग माघात एका सकाळी तो बोर्डिंगात भाजी टाकून परत आला आणि अंगणात बायका जमलेल्या दिसल्या. भिमाबाई गेली होती. तुळशीला पाणी घालून ओसरीवर टेकली, ती उठलीच नाही. आजार नाही, निरोप नाही. जानराव बंडीवरून उतरला, मायच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. पन्नाशीचा माणूस, पण आपल्याला ‘बापू’ म्हणणारं आता कोणी उरलं नाही एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दुपारी पंजाबराव आला. त्याने गळ्यात पडून हंबरडा फोडला. जानरावही रडला, आणि रडता रडताच, का कोण जाणे, त्याच्या तोंडून गेलं, “पंजाबभाऊ, उद्याची भाजी तेवढी…”

पंजाबरावाने मान वर केली. “मी कसा नेईन गा? मलेही सुतक हाय.”

जानरावाला आधी काही समजलंच नाही. सुतक. तेच सुतक. चुलतभाऊ म्हणून तर नाव दिलं होतं, आणि चुलतभाऊ म्हणूनच तो अडकला होता. पूर, बैल, विहीर, सगळं सोनाळ्याला पाठवून पाहिलं होतं, पण घरातल्या मरणाला काही त्याने सोनाळ्याला पाठवलं नव्हतं. ते मनातही आणायचं नाही अशी रीत होती. आणि रीत लावणारी तिथेच पांढऱ्या कापडाखाली निजली होती.

तिरडी उचलली. जानराव मडकं धरून पुढे चालत होता. आणि सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट ही की त्याच्या डोळ्यांपुढे मायचा चेहरा यायचा आणि त्याच्या मागोमाग पोरांची रिकामी ताटं यायची. उद्या सकाळी पंगत बसेल. पोरं दाराकडे पाहतील. मग कमिटी मोटारवाल्याला बोलावेल. मायला अग्नी देतानाही त्याला भाजी सुचत होती, आणि भाजी सुचते म्हणून तो स्वतःला शिव्या देत होता. आपण रडतो ते मायसाठी की बोर्डिंगासाठी, हेसुद्धा त्याला धड कळत नव्हतं. खांद्यावरच्या मडक्यातून पाण्याची धार पडत होती आणि चितेभोवती किती फेरे झाले ते तो विसरला. कोणीतरी मागून दंड धरून त्याला थांबवलं.

मसणवाटेत गर्दीच्या कडेला महादेव उभा होता. त्याने गोवऱ्यांचं पोतं स्वतःच्या पाठीवर आणलं होतं. मरणाला वैर आडवं येत नाही, म्हणून तो आला याचं कोणाला नवल वाटलं नाही.

संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. भाऊबंदांच्याही पेटल्या नाहीत. अशा दिवशी सुतकाबाहेरच्या घरांतून पिठलं-भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. तो कोणाच्याही घरचा आला तरी नाही म्हणायचं नसतं. त्या दिवशी तो गीताबाई घेऊन आली. पाठीमागे महादेव, हातात पाण्याची घागर.

गीताबाईने पानं मांडली. जानरावाने घास तोंडात घातला आणि तो तसाच फिरवत राहिला. समोर महादेव खांबाला टेकून उकिडवा बसला होता. या माणसाच्या घरचं अन्न सात-आठ वर्षांनी पोटात जात होतं. आणि त्या पिठल्याच्या घासाबरोबर जानरावाला हळूच, चाचपडत, एक गोष्ट दिसू लागली. आज त्याच्या सगळ्या रक्ताच्या माणसांच्या चुली बंद होत्या. पेटली होती ती याची.

तो घास गिळून म्हणाला, “महादेवा.”

पुष्पाबाईने पदर तोंडावरून बाजूला केला.

“उद्या बोर्डिंगात भाजी न्यायची हाय. तुह्या मळ्यातली. माह्या मळ्यातली नाही चालत.”

महादेव जमिनीकडे पाहत म्हणाला, “मळ्यात कोबी हाय, चवळी हाय. भाजीचं काही नाही. पण मी नाही नेत.”

“काऊन?”

“लोक काय म्हणतीन? म्हतारीची राख गरम होती अन् महादेवनं बोर्डिंग घेतलं म्हणतीन. आधीच एक डाग हाय माह्यावर. बैलाचा.”

“तवा सांगतलं असतं तं…” जानरावाच्या तोंडून इतक्या वर्षांचं वाक्य निघालंच.

“काय सांगू?” महादेवने गीताबाईकडे नुसता हात केला. “हे वाचत नाही म्हणून सांगू? तोंडातून काढलं असतं तं खरं झालं असतं. असं वाटे मले. म्हणून चूप बसलो. बैल सोडला अन् बाजारात गेलो.”

हे तर जानरावाच्या मायचंच बोलणं होतं. त्याने स्वतः तरी वेगळं काय केलं होतं? सगळा गाव सोनाळ्याला पाठवला, पण खरा शब्द बोलला नाही. महादेव बोलला नाही म्हणून जोडी तुटली. आपण बोललो नाही म्हणून उद्या पोरं रिकाम्या ताटावर बसणार.

तो हात न धुताच उठला. सुतकातला माणूस, डोळे सुजलेले, अंगावर ओला पंचा. ओसरीवर अर्धा गाव बसला होता. पंजाबराव होता, म्हातारेकोतारे होते.

“ऐका,” तो म्हणाला. “बोर्डिंगची भाजी उद्यापासून महादेव नेईन. मी सांगून राह्यलो म्हणून नेईन. सुतक फिटेपर्यंत नेईन. अन् पुढं कवा…” इथे तो अडखळला. सोनाळा अगदी ओठावर आला होता. त्याने तो गिळला. “पुढं कवा मी मेलो, तरी दुसऱ्या दिवशी हाच नेईन.”

बाहेर उंबरठ्यापाशी पणती जळत होती. ऐन दिवेलागणीला, मायच्या घरात, त्याने तो शब्द उच्चारला होता. आता पुष्पाबाई उठेल, तोंडावर हात ठेवेल असं त्याला वाटलं. पुष्पाबाई उठली. पण ती त्याच्याकडे आली नाही. ती दारापर्यंत गेली आणि महादेवला म्हणाली, “भाऊजी, अन्नपूर्णाबाई पहाटेच चूल पेटवतात. उशीर नोका करू.”

त्या रात्री जानरावाला गाढ झोप लागली आणि सकाळी उठल्यावर मायच्या दुःखात अशी झोप लागलीच कशी, याचा त्याला पुन्हा गोंधळ पडला. ओसरीवर बसला असताना नाल्याच्या पलीकडून बंडीचा खडखडाट ऐकू आला. सडकेला लागेपर्यंत तो ऐकत राहिला. मग एकदाचं त्याला मोकळं रडू आलं, आणि या वेळी ते कोणासाठी आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

तेरवी झाल्यावर तो बोर्डिंगात गेला. डोक्याचा गोटा, मिशी काढलेली. पोरांनी आधी ओळखलंच नाही. अन्नपूर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग चवळी कोवळी होती असं सांगितलं. वामनराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. मायविषयी दोन शब्द बोलले, ते मनापासूनचे होते.

मग म्हणाले, “एक दिवसही खाडा पडला नाही, जानराव. कमिटीला मी तसं सांगितलं. आता पंजाबरावांच्या ऐवजी महादेवांचंच नाव राहू द्यायचं ना?”

“हो जी.”

“पंजाबराव तुमचे चुलतभाऊ. हे महादेव तुमचे कोण?”

जानरावाने तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. हे उत्तर त्याला सोपं वाटत होतं, पण साहेबांना समजेल की नाही याची खात्री नव्हती.

“कोणीच नाही, साहेब,” तो म्हणाला. “म्हणून तं त्याचं नाव देऊन राह्यलो.”